चाळीस पुंगळ्यांची बखर

श्रद्धावंतांनी आणि टवाळांनी, दोघांनीही कान देऊन श्रवण करावे. उत्तर डकोटा सुभ्यात कसबे हॅल्वरटन म्हणोन गाव आहे, जेथे वाऱ्यास अडवावयास धान्याचे एक उंच कोठार आणि गिर्जाघराचे दोन कळस यांखेरीज काही नाही, तेथे माहे आक्टोबराचे तिसऱ्या हप्त्यात जी मोहीम जाहली तिचे वर्तमान येणेप्रमाणे. कित्येक म्हणतील की एका गृहस्थाने गॅरेजात बसोन पितळ धुतले, यास मोहीम कशी म्हणावी? तयांस उत्तर इतुकेच की, ज्याने जन्मात पितळ धुतले नाही त्याने मध्ये बोलू नये.

मूळ पीठिका ऐसी. देवाघरी गेलेले पामर ब्रेक्के हे मोठे नेमबाज, आणि तयांपाशी आजोबांचे वेळची एक बंदूक होती, आणि तिच्या मापाचे काडतूस आता कोणीही कारखानदार घडवीत नाही, आणि जगात तिच्यापुरत्या पितळी पुंगळ्या ज्या काय उरल्या त्या मोजून चाळीस. बार टाकला की पुंगळी रिकामी होऊन बाहेर उडे. मग ती वेचावी, धुवावी, बुडास ठिणगी देणारी नवी टोपी बसवावी, पोटात दारू भरावी, तोंडात शिशाची गोळी बसवावी, की पुन्हा काडतूस सिद्ध. लुथराचे ख्रिस्ती पंथात पुनर्जन्म मान्य नाही. परंतु पितळेपुरता तो हॅल्वरटनात सर्वांस मान्य आहे.

पामरबाबांस एक पुत्र आणि एक कन्या. पुत्र लॉवेल ब्रेक्के, सहाशे एकर साखरबिटाचा धनी, अंगाने थोर, तोंडाने त्याहून थोर. कन्या आर्डिस, आणि जावई राजमान्य राजश्री व्हर्लिन स्कोगस्टाड, एकतीस साल शाळेची बस हाकोन निवृत्त जाहलेले, वय साठास दोन कमी, गॅरेजगडाचे किल्लेदार. व्हर्लिनरावांस सख्खा बाप आठवत नव्हता. बंदूक खांद्याशी कैसी धरावी, श्वास कोठे सोडावा आणि बायकोशी वाद कोठे सोडावा, हे सर्व इल्म तयांस सासऱ्यानेच दिले. म्हणोन त्या बंदुकीवर जीव.

पामरबाबांनी मरतेसमयी मृत्युपत्र केले की, दर साली आक्टोबराचे तिसऱ्या शनिवारी पुत्राने आणि जावयाने याच बंदुकीने, याच चाळीस पुंगळ्यांनी, वीस-वीस बार टाकावे, जो जिंकेल त्याचे भिंतीवर बंदूक सालभर राहील, जो हरेल त्याने पुंगळ्या धुवोन-भरोन पुढील सालची काडतुसे दोघांसाठी सिद्ध करावी, पंच आर्डिस, आणि ज्यास ओळीने सात साल हार येईल त्याचा बंदुकीवरील हक्क कायमचा बुडाला. आणि व्हर्लिनराव ओळीने सहा साल हरले होते.

त्यात रविवारी घाव बसला. गिर्जाघराचे तळघरात प्रार्थनेनंतर कॉफीचा दरबार भरतो, तेथे लॉवेलने हातातील केकाची फोड उंच धरोन सर्वांदेखत विचारले,

"काय व्हर्लिन, धुतल्यास का पुंगळ्या? मागच्या साली तू दिलेल्या बघून मला वाटलं, बाबांबरोबर पुरल्या होत्या आणि आता उकरून काढल्या."

दरबार हसला. व्हर्लिनरावांचा कप बशीवर वाजला.

"या साली अशा चमकवतो की तुझं तोंड दिसेल त्यात," ते म्हणाले. "त्याबद्दल आत्ताच माफी मागून ठेवतो."

बोलोन चुकले. सहा साल ते एका थरथरत्या भांड्यात मक्याच्या कणसाचा भुसा घालोन त्यात पुंगळ्या घोळवीत. त्याने पुंगळी स्वच्छ होई, परंतु आरसा होत नसे. मग तयांनी जुने भांडे फळीवर चढवोन नवे हत्यार मागविले. ते एक फिरते पिंप, आतून रबरी, विजेवर गरगर फिरणारे, आणि संगे दोन शेर गंज न चढणाऱ्या पोलादी टाचण्यांची फौज. पिंपात पाणी, साबण, चिमूटभर लिंबाचे सत्त्व, टाचण्या आणि पुंगळ्या घालाव्या आणि एक प्रहरभर (कागदावर तीन तास लिहिले होते) फिरवावे, की पितळ सोन्यास लाजवील, ऐसा सोबतचे कागदाचा करार.

बुधवारी सकाळी न्याहारी करोन खासा स्वारी गॅरेजात उतरली. साबण मुदपाकखान्यातून आणिला, तो न विचारता. लिंबाचे सत्त्व आर्डिसबाई टोमॅटो बाटल्यांत भरताना वापरीत, ती बरणीही आणिली, तीही न विचारता. मग चाळीस पुंगळ्या पिंपात सोडिल्या, तो पिंपाचा तळही झाकला नाही. एवढी थोर पालखी आणि आत चाळीसच मानकरी, हे व्हर्लिनरावांस पाहवेना.

येथे त्या मुलखाची एक रीत सांगणे प्राप्त. जे लोक काडतुसे घरी भरतात तयांस जमिनीवर पडलेली पुंगळी टाकोन पुढे जाववत नाही. कमरेस पट्टा असो, गुडघ्यास बाम असो, ती पुंगळी ज्या बंदुकीची ती बंदूक सात पिढ्यांत घरी नसो. पितळ दिसले की मनुष्य वाकलाच. ऐसे वाकोन वाकोन व्हर्लिनरावांनी नेमबाजीचे मैदानावरून कॉफीचे तीन डबे भरोन पितळ जमा केले होते. त्यातील एक डबा तयांनी उचलिला.

परंतु वेचीव मालात लोखंडी पुंगळ्याही मिसळलेल्या असतात, वरोन पितळेचा रंग देऊन साळसूद जाहलेल्या. म्हणोन आधी लोहचुंबक फिरवोन घरभेदे निवडावे, हा शिरस्ता. आणि घरातील चांगला चुंबक एकच, तो मुदपाकखान्यात फ्रिजच्या दारावर, गिर्जाघराचे मासळी-भोजनाची यादी धरोन बसलेला. व्हर्लिनराव दारापाशी गेले, तो आर्डिसबाईंनी नुकतीच फरशी पुसली होती.

"व्हर्लिन! बूट!"

"अगं, फक्त तो चुंबक दे."

"त्याच्याखाली जेवणाची यादी आहे. फरशी वाळली की ये आणि ने."

"कधी वाळेल?"

"तू तिथून हललास की."

ऐसा हुकूम होताच स्वारी माघारी फिरली. मग गॅरेजात एकांती मसलत जाहली, तीत व्हर्लिनराव स्वतः बोलले, स्वतः ऐकिले आणि स्वतःच मान डोलाविली, की चार-दोन लोखंडाच्या गेल्या आत तर काय आभाळ कोसळते? आणि डबा पिंपात ओतिला. आणि लिंबाचे सत्त्व चिमूटभर लिहिले होते तेथे विचार केला की चिमटीने सहा साल हार आली, आता मूठ पाहू. आणि अर्धी बरणी उपडी केली. आणि झाकण आवळोन कळ दाबली.

मग जो नाद उठला तो काय वर्णावा! जैसे घोडदळ पत्र्याच्या छपरावरून दौडत जावे. शेजारचा कुत्रा घराखाली शिरला. वरोन आर्डिसबाईंचा खलिता आला की बशा फळीवर चालू लागल्या आहेत, याची दाद कोण घेणार? खाली उत्तर द्यावयास कोणास ऐकू येत नव्हते. तीन तास लढाई चालली आणि व्हर्लिनराव उलट्या बादलीवर बसोन, हातात थंड कॉफी, लॉवेलचे तोंड पुंगळीत कैसे दिसेल याचे चिंतन करीत राहिले.

मग पिंप थांबले. झाकण काढिले. गढूळ पाणी ओतोन दिले, टाचण्या झाडिल्या, आणि पुंगळ्या जुन्या टॉवेलावर पसरल्या.

पुंगळ्या गुलाबी होत्या.

चमकत होत्या, यात वाद नाही. आरशाहून चमकत होत्या. परंतु पितळेचा पिवळा रंग पार लोपला होता आणि चाळीसही जणी, सोबत डबाभर दासींसह, बारशाचे दुपट्यासारख्या गुलाबी जाहल्या होत्या.

"उफ दा," व्हर्लिनराव म्हणाले. त्या मुलखात घर जळाले तरी माणूस एकदाच ऐसे म्हणतो. व्हर्लिनराव दोनदा म्हणाले.

या चाळिसांवाचून बंदूक मुकी. त्या नासल्या तर हार-जीत दूरच, पामरबाबांची बंदूक कोणाच्याच हाती पुन्हा बोलणार नव्हती, आणि तिचा गळा घोटणारा जावई म्हणोन आपले नाव राहणार. फरशी एव्हाना वाळली होती. ते बुटांसकट आत गेले, चुंबक ओढिला, यादी जमिनीवर पडली, आणि परत येऊन टॉवेलावरून चुंबक फिरविला, तो सात पुंगळ्या टुणकन उडोन त्यास चिकटल्या. घरभेदे सापडले. रंग उतरोन कडांस लोखंड उघडे पडले होते. तेव्हा सर्व उलगडा जाहला की आंबट पाण्याने पितळेतील तांबे सोडविले आणि लोखंडाचे संगतीने ते तांबे पुन्हा सर्वांचे अंगावर चढले. मुलामा! व्हर्लिनरावांनी एका पुंगळीची कड पॉलिशच्या फडक्याने घासली, तो आत पिवळे पितळ जैसेच्या तैसे. मग चाळीसही जणी भिंगाखाली एकेक तपासल्या. तडा नाही, खळगा नाही. जीव भांड्यात पडला.

आता उपाय उघड होता. फळीवरचे जुने थरथरते भांडे उतरवावे, भुशात दिवसभर घोळवावे, की गुलाबी साल निघोन जाईल, आणि लोकांस काही कळणार नाही. शनिवारापूर्वी अजून दोन दिवस मोकळे होते. व्हर्लिनरावांनी भांड्याची क्षमा मागितली, भुसा भरला, प्लग लाविला, आणि पहिली पुंगळी आत टाकणार तो आर्डिसबाई जमिनीवरची यादी हाती घेऊन भांडावयास आल्या.

भांडण तोंडीच राहिले. तयांनी टॉवेल पाहिला.

"हे काय? कुणाचं बारसं आहे?"

"लिंबू जरा जास्त झालं."

आर्डिसबाई रंगाच्या डब्यावर बसल्या आणि हसल्या, आणि हसता हसता यादीने डोळे पुसले.

"लॉवेलला दाखवू नकोस हं. मरेल तो. लहानपणी एकदा चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या नाकावर माशी बसली, तर हा हसून हसून बाकाखाली गेला. बाबांनी उचलून बाहेर गाडीत नेऊन कोंबला, तरी आम्हाला खिडकीतून दिसत होतं, गाडी हलत होती. अजून तसाच आहे. एकदा सुरू झाला की थांबता येत नाही त्याला. म्हणून तर नेम धरताना कुणाला खोकू देत नाही."

व्हर्लिनरावांनी हातातील पुंगळीकडे पाहिले. मग भांड्याकडे पाहिले. मग हळूच प्लग काढिला.

"व्हर्लिन," आर्डिसबाई उठोन उभ्या राहिल्या. "मी पंच आहे. मी काही बोलले नाही."

"मी काही ऐकलं नाही."

"तू प्लग काढलास."

"वीज वाचवतोय."

आर्डिसबाईंनी क्षणभर छताकडे पाहिले, जैसे तेथे कोणी बसलेले आहे, आणि जाताना आज्ञा केली की चुंबक फ्रिजवर परत लावावा आणि बुटांचे ठसे पुसावे.

मग गुरुवारी आणि शुक्रवारी व्हर्लिनरावांनी काडतुसे भरिली. टोपी, दारू, शिसे, सर्व पामरबाबांनी शिकविल्या मापाने, तसूभर फरक नाही, कारण थट्टा ती थट्टा आणि दारू ती दारू. गुलाबी नळीच्या तोंडी करडे शिसे बसल्यावर ती चाळीस काडतुसे ओठ रंगवावयाच्या कांड्यांसारखी दिसो लागली. तयांनी ती लाकडी पेटीत उभी मांडिली आणि वरोन स्वच्छ रुमाल घातला.

शनिवारी गावाबाहेर खडीचे जुन्या खाणीत मैदान भरले. वारा ऐसा की टोपी घालावी ती शेजारच्या तालुक्यात मिळावी. पंधरा-सोळा मंडळी घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन हजर. म्हातारा मायलो, ज्याने चाळीस सालांत दिवसास तीन शब्दांहून जास्त खर्चिले नव्हते, तो पहिल्या रांगेत. लॉवेल बंदूक घोंगडीत गुंडाळोन घेऊन आला.

"उद्यापासून घोंगडी लागणार नाही," तो म्हणाला. "काचेचं कपाट करायला टाकलंय. कायमचं."

हे वाक्य व्हर्लिनरावांस गोळीसारखे लागले. तयांनी पेटी पुढे केली. लॉवेलने रुमाल उचलिला.

त्या लोकांत दुसऱ्याचे फजितीस तोंडावर हसणे हे पाप आहे. फजिती जितकी थोर, तितकी मान गंभीर डोलवावी, ऐसा संस्कार. लॉवेलने मान डोलाविली. तयाच्या नाकपुड्या फुगल्या.

"छान," तो म्हणाला. आवाज मुलीसारखा निघाला. "वेगळं आहे जरा."

"तोंड दिसतंय का बघ," व्हर्लिनराव म्हणाले.

लॉवेलने बघितले. तेथेच अर्धी लढाई सरली.

शिरस्त्याप्रमाणे बंदूक ज्याचे घरी तयाने प्रथम बार टाकावे. लॉवेलने दात आवळोन पहिला बार टाकिला तो नेमका मध्यावर, दहा गुण. मग दांडी मागे ओढिली, आणि पुंगळी उडाली, आणि उन्हात गुलाबी झळाळत गिरक्या घेत म्हाताऱ्या मायलोचे मांडीवर जावोन पडली. मायलोने ती उचलोन डोळ्यांजवळ धरिली.

"मुलगी झाली," तो म्हणाला.

कोणी हसले नाही. तेच वाईट जाहले. सोळा मंडळी ओठ मिटोन क्षितिजाकडे पाहो लागली आणि त्या शांततेत लॉवेलचे खांदे हलो लागले. दुसरा बार सहावर गेला. पुंगळी पुन्हा तेथेच पडली.

"जुळ्या," मायलो म्हणाला, आणि दिवसाचा हिशेब संपवोन गप्प बसला.

मग जी पडझड जाहली ती पाहोन शत्रूसही दया यावी. लॉवेल थांबे, पाणी पिई, बिटाचे रोगाचा विचार करी, पुन्हा नेम धरी, आणि पुढील काडतूस गुलाबी निघे. पंचांनी हुकूम सोडिला की कोणी तोंडातून अवाक्षर काढील तो मैदानाबाहेर. तेणेकरोन शांतता अधिक दाटली आणि लॉवेलचे नाकातून किटलीसारखा आवाज येऊ लागला. वीस बार संपले तेव्हा तयाचे डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि गुण जाहले एकशे अठ्ठेचाळीस. मागील साली हेच एकशे शहाऐंशी होते.

आता व्हर्लिनराव. तयांस वाटले होते की जय पदरात पडलाच. परंतु बंदुकीचा दस्ता गालास लागताच सहा सालांची हार एकदम आठवली, आणि काचेचे कपाट आठवले, आणि नेम भरकटला. कधी नऊ, कधी पाच. एकोणीस बारांत एकशे त्रेचाळीस. उरला बार एक, आणि पाहिजेत सहा.

तयांनी शेवटचे काडतूस पेटीतून उचलिले, आणि बोटांत धरोन पाहिले, आणि त्या गुलाबी आरशात तयांस आपलेच तोंड दिसले, लांबट, नाक फुगलेले, आरंभी लॉवेलचे जाहले होते तैसेच गंभीर. आणि व्हर्लिनरावांस हसू फुटले.

आपलाच सुरुंग आपले पायाखाली उडाला! तयांनी बंदूक उचलिली, ती हले. खाली ठेविली. पुन्हा उचलिली. मंडळी श्वास कोंडोन पाहत होती. या समयी लॉवेलने नुसते "मुलगी" म्हटले असते तरी बंदूक जन्माची तयाची होती. तयाने तोंड उघडलेही. मग मिटले.

"थांबा जरा," तो मंडळीस म्हणाला. "हसून घेऊ द्या त्याला."

व्हर्लिनराव पाठ फिरवोन पुरते हसले, दोन मिनिटे, घड्याळात. मग डोळे पुसोन वळले. श्वास अर्धा सोड, बाकी देवावर सोड, ऐसे पामरबाबा म्हणत. तयांनी अर्धा सोडिला आणि बार टाकिला.

आर्डिसबाई निशाणापाशी चालत गेल्या, आणि वाकोन पाहिले, आणि चष्मा पुसोन पुन्हा पाहिले.

"सात," त्या म्हणाल्या.

एकशे पन्नास. हाच सरदार मागील साली एकशे एकोणसत्तर गुणांवर हरला होता, हे येथे नमूद केले नसते तर बरे होते; परंतु बखरकाराने खरे लिहावे.

मग सर्वांनी वाकोन वाकोन चाळीस पुंगळ्या वेचिल्या, आणि लॉवेलने बंदूक घोंगडीत गुंडाळोन मेव्हण्याचे हाती दिली. व्हर्लिनरावांनी खिशातून चुंबक काढोन तयास पराभवाची खिलत म्हणोन बहाल केला.

"हा घे. पुढच्या साली धुवायच्या तुला आहेत."

"काय केलंस रे यांना?"

"लोखंड गेलं आत. चुकून."

"चुकून?" लॉवेलने डोळे बारीक केले.

व्हर्लिनरावांनी आर्डिसबाईंकडे पाहिले. आर्डिसबाई ढगांकडे पाहत होत्या.

"गुलाबी झाल्या त्या चुकून," ते म्हणाले. "गुलाबी राहिल्या त्या नाही."

लॉवेल पुंगळ्यांची पेटी काखेत मारोन आपल्या गाडीकडे गेला, आत बसला, आणि दार लावोन घेतले.

येणेप्रमाणे सातवे साली हक्क राखिला, चाळीसही पुंगळ्या सुखरूप राहिल्या, बंदूक स्कोगस्टाडांचे भिंतीवर चढली, काचेचे कपाट रिकामे राहिले, आणि फ्रिजवरची यादी चुंबकावाचून अद्याप जमिनीवर पडते, त्याचा तह व्हावयाचा आहे. लॉवेल ब्रेक्के रागावोन गेला की कैसे, याविषयी गावात दोन मते आहेत. परंतु मंडळी खुर्च्या मिटोन घरोघर गेली तरी ती गाडी खाणीत तैसीच उभी होती, चाके जागची न हलता वरचे धूड हलत होते, आणि हे पंचांनी स्वतःचे डोळ्यांनी पाहोन साक्ष दिली, म्हणोन दप्तरी दाखल केले. याउपर शाई वाया घालवू नये.